डॉट एन्व्ह फाइल काढली, हिस्टरी साफ केली, तरी सीक्रेट की रिपोत परत येतेय: कारणं आणि उपाय

मंडळी, हा प्रश्न शिकणाऱ्या पोरांच्या ग्रुपात, हॅकेथॉनच्या टीममधे आणि चांगल्या चालत्या कंपन्यांतही जवळजवळ त्याच शब्दात येतो. डेटाबेसचा पासवर्ड किंवा पेमेंटची की (गुप्त चावी) डॉट एन्व्ह या सेटिंग्जच्या फाइलमधून चुकून गिटमधे, म्हणजे कोडचे बदल नोंदवणाऱ्या साधनात, कमिट झाली (नोंदली गेली), कुणाच्या तरी लक्षात आलं, फाइल काढली, गिटइग्नोरमधे (गिटने कुठल्या फाइल्स सोडून द्यायच्या त्याची यादी) ओळ टाकली, कुणी जास्त काळजी घेणारा असेल तर अख्खी हिस्टरी, म्हणजे जुन्या कमिट्सची नोंद, पुन्हा लिहिली, सगळे निवांत झाले, आणि काही आठवड्यांनी बघतात तर तीच की, त्याच फाइलमधे, त्याच रिपोत (प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्यात) हजर. मग पुन्हा तेच सगळं. याला एकच कारण असतं असं समजून लोक एकच उपाय परत परत करतात, पण कारणं पाच-सहा वेगवेगळी आहेत आणि तुमच्याकडे त्यातलं नेमकं कुठलं चालू आहे ते ओळखल्याशिवाय हे थांबत नाही. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितोय.

पण त्याआधी एक काम, आणि ते आत्ता करा, बाकीची पोस्ट नंतर वाचा.

पहिल्यांदा की बदला

चावी हरवली की आपण आधी कुलूप बदलतो, चावी कुठे पडली ते नंतर शोधतो, इथेही क्रम तोच. लोक नेमकं उलटं करतात, आधी दोन तास हिस्टरी साफ करत बसतात आणि त्या दोन तासात जुनी की चालूच असते. पब्लिक रिपोत गेलेली की शोधणारे बॉट्स सतत फिरत असतात, ॲमेझॉनच्या क्लाउडची ॲक्सेस की एकेआयए या चार अक्षरांनी सुरू होते त्यामुळे ती शोधणं तर फारच सोपं. तुम्ही कमिट पुसेपर्यंत ती कुणाकडे गेली असेल हे तुम्हाला कधीच कळणार नाही, त्यामुळे पुसलं म्हणजे वाचलो हा हिशोबच धरायचा नाही. एकदा पुश झालेली (सर्व्हरवर पाठवलेली) की गेली असंच समजायचं, रिपो प्रायव्हेट असला तरी.

प्रायव्हेट रिपोचं म्हणाल तर उबरचं उदाहरण सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. २०१६ मधे हल्लेखोर त्यांच्या गिटहबवरच्या प्रायव्हेट रिपोत शिरले, तिथल्या कोडमधे ॲमेझॉनची की सापडली आणि त्या कीवरून ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि ड्रायव्हरांची माहिती बाहेर गेली. रिपो खाजगी होता, पण की आत पडलेली होती, एवढं पुरलं.

आता की बदलताना लोक अडकतात कुठे तर "बदलली तर प्रॉडक्शन बंद पडेल" या भीतीत, आणि ती भीती खरी आहे, म्हणून बदलायची पद्धत माहीत पाहिजे. ॲमेझॉनच्या एका आयएएम यूजरला (त्यांच्या क्लाउडमधलं एक खातं) एका वेळी २ ॲक्सेस की ठेवता येतात, त्या मुळात यासाठीच आहेत: नवी बनवा, सर्व्हरवर टाका, जुनी लगेच डिलीट न करता इनॅक्टिव्ह करा, काही तुटलं नाही ना बघा, शेवटची कधी वापरली गेली ते तिथेच दिसतं, आणि मग डिलीट करा. मात्र की पब्लिक झाली असेल तर एवढी वाट बघत बसू नका, आधी इनॅक्टिव्ह, थोडा वेळ सेवा बंद राहिली तरी चालेल.

पोस्टग्रेस या डेटाबेसमधे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. रोलचा (यूजरचा) पासवर्ड बदलला तरी आधीपासून जोडलेली कनेक्शन्स तुटत नाहीत, जुन्या पासवर्डने आत आलेला माणूस आतच राहतो. त्यामुळे पासवर्ड बदलल्यावर चालू सेशन्सची यादी बघून ती बंद करावी लागतात, आणि मग ॲप नव्या पासवर्डने पुन्हा जोडलं जातं.

जेडब्ल्यूटी, म्हणजे यूजर कोण ते सांगणारा लॉगिनचा टोकन, त्यावर सही करायचं सीक्रेट लीक झालं असेल तर ते सगळ्यात गंभीर धरा, कारण ज्याच्याकडे ते आहे तो कुठल्याही यूजरच्या नावाचा, ॲडमिनच्याही नावाचा टोकन स्वतः बनवू शकतो आणि तुमचा सर्व्हर तो खरा मानणार. एरवी ठरवून सीक्रेट बदलताना नव्या कीने सही करायची आणि जुनी काही वेळ फक्त तपासायला ठेवायची अशी सोय करतात म्हणजे लोक लॉगआउट होत नाहीत, पण लीकच्या वेळी ती सोय वापरायची नाही, जुनी की तिथल्या तिथे बंद, सगळे यूजर लॉगआउट झाले तरी.

आणि रेझरपे वापरणाऱ्या पोरांसाठी, कारण हा गोंधळ प्रोजेक्ट्समधे फार दिसतो: की आयडी फ्रंटएंडमधे दिसणारच, ती दिसण्यासाठीच आहे. की सीक्रेट मात्र फक्त सर्व्हरवर. वेबहूकचं (रेझरपे तुमच्या सर्व्हरला आपणहून कळवतं ते) सीक्रेट त्याहून वेगळं, तेही सर्व्हरवरच. फायरबेसची वेब एपीआय की दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही, तिथे खरं संरक्षण सिक्युरिटी रूल्सचं असतं, ते उघडे टाकले असतील तर मात्र घाबरा.

की बदलून झाली? आता निवांतपणे कारण शोधू.

गिटइग्नोरमधे आहे तरी फाइल कमिट होतेच

सगळ्यात जास्त वेळा दिसणारं कारण हेच. गिटइग्नोर फक्त त्या फाइल्सना लागू होतं ज्या गिटने अजून ट्रॅक करायला घेतलेल्या नाहीत. एकदा फाइल ट्रॅक झाली की गिटइग्नोरमधे दहा वेळा लिहा, काही फरक पडत नाही. आधी गिट एलएस-फाइल्स चालवून बघा, तुमची डॉट एन्व्ह त्यात दिसली तर ती ट्रॅक्ड आहे. उपाय गिट आरएम, पण --कॅश्ड लावून, म्हणजे तुमच्या मशीनवरची फाइल राहते आणि गिटच्या यादीतून जाते.

इथपर्यंत सगळीकडे लिहिलेलं सापडतं. पुढचं कुणी सांगत नाही आणि की परत येण्याचं मूळ इथेच असतं. तुम्ही --कॅश्डने काढून पुश केलं, ते तुमच्या मशीनवर ठीक, पण बाकीच्यांनी पुल केलं (ते बदल आपल्याकडे ओढून घेतले) की गिट त्यांच्या मशीनवरून ती फाइल खरोखर उडवतं, कारण त्यांच्या दृष्टीने ती डिलीट झालेली फाइल आहे. सकाळी ऑफिसला आल्यावर माणूस पुल करतो, ॲप चालत नाही, डॉट एन्व्ह गायब, मग तो जुन्या कमिटमधून ती परत काढतो, गिटइग्नोर आडवं आलं तर फोर्स लावून ॲड करतो, आणि झालं, की परत आत. त्याचं काही चुकलं नाही, त्याला काम करायचं होतं. म्हणून फाइल काढण्याआधी सगळ्यांना सांगा की आपापली डॉट एन्व्ह रिपोच्या बाहेर कॉपी करून ठेवा, मग पुल करा, मग परत जागेवर ठेवा. हा एक मेसेज टाकला तर अर्धा त्रास वाचतो.

दुसरं, जुन्या फीचर ब्रँचेस, म्हणजे मेन या मुख्य शाखेपासून वेगळ्या चालणाऱ्या शाखा. मेनमधून फाइल काढली, पण महिनाभर चाललेल्या एखाद्या ब्रँचमधे ती अजून आहे आणि त्या ब्रँचमधे कुणी त्यात एक ओळ बदलली पण आहे. मर्ज करताना गिट विचारतं की एका बाजूला फाइल डिलीट आहे, दुसऱ्या बाजूला बदललेली आहे, काय करू? आणि घाईत असलेला माणूस "ठेव" म्हणतो. रिव्ह्यू करणाऱ्याला चाळीस फाइल्समधे ती एक दिसत नाही. त्यामुळे फाइल मेनमधून काढली की त्याच दिवशी सगळ्या चालू ब्रँचेसमधूनही काढायची.

कधीकधी फाइल ट्रॅक्ड नसते तरी गिटइग्नोर चालत नाही, तेव्हा गिट चेक-इग्नोर ही कमांड व्हर्बोस फ्लॅग लावून चालवा, कुठल्या फाइलमधल्या कुठल्या ओळीमुळे इग्नोर होतंय ते ती सांगते, काहीच आलं नाही तर ओळ लागू होत नाहीये. (ट्रॅक्ड फाइलवर ती गप्प राहते, तिथे --नो-इंडेक्स लावावं लागतं.) मला दिसलेली कारणं अशी: पॅटर्नच्या पुढे त्याच ओळीवर हॅश टाकून कमेंट लिहिलेली असते, गिटइग्नोरमधे कमेंट ओळीच्या सुरुवातीलाच चालते, मधे लिहिली की ती पॅटर्नचाच भाग धरली जाते. किंवा सुरुवातीला स्लॅश असतो, मग ती ओळ फक्त त्या गिटइग्नोरच्या शेजारच्या फाइलला लागते आणि आतल्या बॅकएंड फोल्डरमधली डॉट एन्व्ह मोकळी राहते. किंवा नुसतं डॉट एन्व्ह लिहिलंय आणि प्रत्यक्षात फाइलचं नाव डॉट एन्व्ह डॉट प्रॉडक्शन आहे, ते वेगळं नाव झालं, त्याला ती ओळ लागत नाही. इथे शेवटी स्टार लावा आणि खाली उद्गारचिन्हाने सुरू होणारी ओळ टाकून एक्झांपल फाइलला सूट द्या.

आणि विंडोजवाल्यांसाठी खास, कारण कॉलेजच्या लॅबमधे हे हमखास होतं: जुन्या पॉवरशेलमधे इको करून बाणाने गिटइग्नोर फाइल बनवली तर ती यूटीएफ-१६ मधे सेव्ह होते. एडिटरमधे उघडून बघितलं तर सगळं अगदी बरोबर दिसतं, पण गिटला ती वाचताच येत नाही. एडिटरच्या खालच्या पट्टीत एन्कोडिंग बघा आणि यूटीएफ-८ मधे परत सेव्ह करा. तास-तास डोकं धरून बसलेली मुलं बघितली आहेत यावर, म्हणून मुद्दाम लिहिलं.

एक उपाय मात्र करू नका, स्किप-वर्कट्री किंवा अझ्यूम-अनचेंज्ड. हे फ्लॅग फक्त तुमच्या एका क्लोनपुरते (तुमच्या मशीनवरच्या प्रतीपुरते) असतात, फाइल रिपोत तशीच राहते, बाकी सगळ्यांकडे जाते, फक्त तुम्हाला बदल दिसेनासे होतात. प्रश्न झाकला जातो, सुटत नाही.

हिस्टरी साफ केली तरी परत आली

इथे काळजीपूर्वक वाचा कारण हे प्रकरण जास्त फसवं आहे.

साफ करायला आज गिट फिल्टर-रिपो वापरा. गिटचं स्वतःचं डॉक्युमेंटेशनच जुन्या फिल्टर-ब्रँचऐवजी तेच वापरा म्हणतं. ते ताज्या क्लोनवरच चालायचा आग्रह धरतं आणि काम झाल्यावर ओरिजिन हा रिमोट (सर्व्हरवरच्या रिपोचा पत्ता) काढून टाकतं, म्हणजे चुकून पुश होऊ नये. लोकांना ते बिघाड वाटतं, तसं नाही, तो मुद्दाम दिलेला थांबा आहे, तिथे थांबून खरंच की गेली का ते तपासायचं आणि मग रिमोट परत जोडायचा. बीएफजी हे दुसरं साधन पण छान आणि सोपं आहे, पण त्याची एक सवय माहीत हवी: शेवटचं, म्हणजे हेडवरचं कमिट ते डीफॉल्टने हात न लावता ठेवतं. म्हणजे तुम्ही आधी साध्या कमिटने की काढली नसेल तर बीएफजी जुनी सगळी हिस्टरी धुवेल आणि ताज्या कमिटमधे की तशीच राहील.

त्यानंतर पुश. बरेच जण फक्त मेन फोर्स पुश करतात आणि टॅग्ज (एखाद्या कमिटला दिलेली नावं), बाकीच्या ब्रँचेस विसरतात. व्ही एक पॉइंट दोन असा कुठला तरी जुना टॅग जुन्याच कमिटला धरून बसलेला असतो आणि त्यातून अख्खी जुनी साखळी जिवंत राहते. सगळे रेफ्स, म्हणजे ब्रँचेस आणि टॅग्ज, पुश झाले पाहिजेत.

आणि सगळं बरोबर केलं तरी की परत येते याचं सगळ्यात मोठं कारण: कुणाच्या तरी लॅपटॉपवरचा जुना क्लोन. तुम्ही हिस्टरी पुन्हा लिहिली म्हणजे की आली त्या कमिटपासून पुढच्या सगळ्या कमिट्सचे हॅश (ओळख क्रमांक) बदलले. सहकाऱ्याकडे जुने हॅश आहेत. तो नेहमीसारखा पुल करतो, गिटला दोन वेगळ्या हिस्टऱ्या दिसतात, तो त्या मर्ज करतो, पुश करतो, आणि त्या एका मर्ज कमिटबरोबर जुनी सगळी कमिट्स, कीसकट, परत सर्व्हरवर. त्याला कळतही नाही, कारण कोड बघितला तर ठीक दिसतो, की फक्त हिस्टरीत आहे. सुट्टीवर असलेला माणूस परत आला की हे होतं, म्हणूनच काही आठवड्यांनी होतं.

उपाय असा: साफसफाईची वेळ आधी ठरवा, सगळ्यांचं काम त्याआधी पुश करून घ्या, नंतर सगळ्यांनी जुना क्लोन डिलीट करून नव्याने क्लोन करायचा. ज्याच्याकडे न पुश केलेलं काम राहिलं त्याने त्याचे पॅच काढून नव्या क्लोनवर लावायचे किंवा रिबेस करायचा, मर्ज अजिबात नाही. यावर विसंबून राहू नका, एक पक्का अडसर पण लावा: ज्या कमिटमधे की पहिल्यांदा आली त्याचा जुना हॅश लिहून ठेवा आणि सीआयमधे (पुश झाल्यावर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांमधे) एक छोटी पायरी टाका जी गिट मर्ज-बेसला --इज-ॲन्सेस्टर लावून तपासेल की तो हॅश आताच्या ब्रँचच्या पूर्वजात आहे का. आहे असं उत्तर आलं तर बिल्ड फेल. ते कमिट सापडलंच नाही अशी एरर आली तर चांगलंच आहे, ते तिथे नाहीये म्हणूनच सापडत नाही, फक्त स्क्रिप्टमधे त्या एररला पास धरा. हे चार ओळींचं काम आहे आणि फार थोड्या टीम करतात, का करत नाहीत माहीत नाही, माझ्या मते हिस्टरी पुन्हा लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे केलंच पाहिजे.

फोर्क्सचं पण बघा. गिटहबवर तुमच्या रिपोचे फोर्क (दुसऱ्यांनी घेतलेल्या प्रती) असतील तर तुम्ही काही केलं तरी त्यांच्यात जुनी कमिट्स राहतात, आणि हॅश माहीत असेल तर ते कमिट तुमच्या रिपोच्या पत्त्यावरूनही उघडू शकतं. पुल रिक्वेस्टचे रेफ्स तर तुम्हाला पुसताच येत नाहीत, त्यासाठी गिटहब सपोर्टला लिहावं लागतं. म्हणून परत सांगतो, की बदलणं हाच उपाय, साफसफाई हे नंतरचं काम.

हुक लावलाय तरी जातंच

गिटलीक्स किंवा ट्रफलहॉग या की शोधणाऱ्या साधनांपैकी काही प्री-कमिट हुकमधे (कमिटच्या आधी आपोआप चालणारी तपासणी) लावलं आणि तरी की गेली, असं असेल तर पहिला प्रश्न: तो हुक सगळ्यांकडे आहे का? डॉट गिट फोल्डरमधले हुक्स क्लोनबरोबर येत नाहीत. तुम्ही तुमच्याकडे लावला, तुमच्याकडे चालतो, नव्या माणसाकडे काहीच नाही. प्री-कमिट नावाचं फ्रेमवर्क वापरत असाल तर त्याची कॉन्फिग फाइल रिपोत येते पण इन्स्टॉलची कमांड प्रत्येकाने एकदा चालवावीच लागते. ती प्रोजेक्टच्या सेटअप स्क्रिप्टमधेच टाका म्हणजे वेगळं लक्षात ठेवायला नको. शिवाय --नो-व्हेरिफाय लावलं की हुक बाजूला होतोच, म्हणून हुक ही सोय आहे, पहारा नाही. पहारा सीआयमधे पाहिजे.

आणि सीआयमधे स्कॅन हिरवा येतोय पण की आहेच, असं असेल तर चेकआउटची खोली बघा. गिटहब ॲक्शन्समधलं नेहमीचं चेकआउट डीफॉल्टने फक्त १ कमिट आणतं. स्कॅनरला तेवढंच दिसतं. समजा तुम्ही पहिल्या कमिटमधे की टाकली आणि दुसऱ्यात काढली, तर स्कॅनर म्हणणार सगळं स्वच्छ. फेच-डेप्थ ० करा म्हणजे पूर्ण हिस्टरी येते. वर सांगितलेली पूर्वज तपासणी पण याशिवाय चालणार नाही.

जुन्या मोठ्या रिपोवर पहिल्यांदा स्कॅन चालवला की शेकडो इशारे येतात, त्यात टेस्टमधल्या खोट्या की पण असतात, आणि मग लोक वैतागून स्कॅनच बंद करतात. तसं करू नका. आत्ता जे आहे त्याची बेसलाइन फाइल बनवा, म्हणजे यापुढे फक्त नवीन गोष्टींवर बिल्ड अडेल, आणि जुनी यादी थोडी थोडी करून संपवा. गिटहबने २०२४ पासून पब्लिक रिपोंसाठी पुश प्रोटेक्शन आपोआप चालू केलंय, ते चांगलंच आहे, पण त्याला ठराविक कंपन्यांच्या कीचे ठराविक नमुनेच ओळखता येतात, तुमच्या डेटाबेसचा साधा पासवर्ड त्याला कसा कळणार.

गिटमधे नाहीच, तरी बाहेर

थोडक्यात सांगतो. डॉकर ॲप चालवायला लागणारं सगळं एका इमेजमधे बांधतं. डॉकरफाइलमधे सगळं कॉपी करणारी ओळ असेल आणि डॉकरइग्नोर नसेल तर डॉट एन्व्ह इमेजमधे जाते, गिटइग्नोरचा डॉकरशी काही संबंध नाही. पुढच्या ओळीत ती डिलीट केली तरी आधीच्या लेयरमधे ती आहेच. बिल्ड आर्ग्युमेंटने दिलेलं सीक्रेट डॉकर हिस्टरीत दिसू शकतं, त्यासाठी बिल्डकिटचा सीक्रेट माउंट आहे तो वापरा.

फ्रंटएंडमधे व्हीट, क्रिएट रिॲक्ट ॲप, नेक्स्ट यांच्यात ज्या व्हेरिएबलला तो ठरलेला पब्लिक प्रीफिक्स लागतो त्याची किंमत बिल्डच्या वेळी थेट जावास्क्रिप्टमधे छापली जाते. फाइलचं नाव डॉट एन्व्ह आहे म्हणून ती गुप्त होत नाही, ब्राउझरमधे कुणीही वाचू शकतो. एसएमएस गेटवेची की अशी फ्रंटएंडमधून बाहेर पडली की कुणीतरी तुमच्या नावाने मेसेज पाठवत बसतं आणि बॅलन्स संपल्यावर कळतं. असा कॉल सर्व्हरवरूनच करायचा.

मुळात की रिपोत का येते

वरची सगळी दुरुस्ती केली तरी एक गोष्ट केली नाही तर वर्षभरात हे परत होणार, असं मी खात्रीने म्हणतो. नवीन माणूस टीममधे आला, त्याला प्रोजेक्ट चालवायचाय, त्यासाठी की पाहिजे, ती त्याला कुठून मिळते? बहुतेक ठिकाणी उत्तर असतं, सीनियर व्हॉट्सॲपवर पाठवतो किंवा "आत्ता रिपोत टाकतो, तू घे, मग काढतो". जोपर्यंत की मिळवायचा सगळ्यात सोपा रस्ता रिपोतून जातो तोपर्यंत ती रिपोत येणार, मग कितीही हुक लावा. टोयोटाच्या टी-कनेक्ट सेवेचं असंच झालं, सोर्स कोडचा काही भाग बाहेरच्या कंत्राटदाराकडून डिसेंबर २०१७ पासून गिटहबवर पब्लिक राहिला, त्यात डेटा सर्व्हरची ॲक्सेस की होती, आणि ते सप्टेंबर २०२२ पर्यंत कुणाला कळलं नाही, २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते आणि ग्राहक क्रमांक उघडे पडल्याची शक्यता कंपनीने स्वतः जाहीर केली. जवळपास ५ वर्षं.

तर सोपा रस्ता बांधा. रिपोत एक्झांपल फाइल ठेवा, त्यात सगळ्या व्हेरिएबल्सची नावं आणि प्रत्येकाची किंमत कुठून मिळवायची याची एक ओळ. ॲप सुरू होताना कुठलं व्हेरिएबल नाही ते नाव घेऊन सांगू दे, नल पॉइंटरची एरर फेकून माणसाला गोंधळात टाकू नका. लोकलला (आपल्या मशीनवर) डेटाबेस डॉकर कंपोजने उठू दे, त्याचा पासवर्ड लोकलचाच, तो लीक झाला तरी काही बिघडत नाही. पेमेंटसाठी टेस्ट मोडच्या की, आणि जमेल तिथे प्रत्येकाची वेगळी, म्हणजे एक गेली तर एकच बदलायची. प्रॉडक्शनची की डेव्हलपरच्या मशीनवर येण्याची गरजच पडू नये, ती सीक्रेट मॅनेजरमधे राहू दे, लहान टीमला निदान शेअर्ड पासवर्ड मॅनेजर तरी. आणि सीआयमधून ॲमेझॉनवर डिप्लॉय करत असाल तर ओआयडीसी (सीआयने आपली ओळख पटवून तात्पुरती परवानगी घ्यायची पद्धत) लावा, मग कायमची कीच ठेवावी लागत नाही, दर रनला थोड्या वेळापुरती मिळते. जी की अस्तित्वातच नाही ती लीक होत नाही.

शिकणाऱ्या मुलांसाठी पण हेच. कॉलेजच्या प्रोजेक्टमधे, स्मार्ट इंडिया हॅकेथॉनच्या घाईत, रात्री दोनला सगळे एकाच लॅपटॉपवरून दुसऱ्यावर की पाठवत असतात. ग्रुपमधे जो थोडा पुढे आहे त्याने पहिल्या तासातच एक्झांपल फाइल आणि हुक लावून द्यावा, दहा मिनिटं लागतात, आणि त्या दहा मिनिटात बाकीचे चौघं ते बघून शिकतात. असं शेजारी बसून शिकलेलं जन्मभर राहतं, कोर्समधे ऐकलेलं राहीलच असं नाही.

आणि कुणी सांगितलं की "माझ्याकडून की पुश झाली", तर त्याला ओरडू नका. मनापासून सांगतोय. ओरडलात तर पुढच्या वेळी तो गुपचूप फोर्स पुश करून पुसेल आणि सांगणार नाही, आणि की चालूच राहील. मार्च २०२३ मधे खुद्द गिटहबची एसएसएच सर्व्हरची आरएसए की थोड्या वेळासाठी पब्लिक रिपोत दिसली होती, त्यांनी ती बदलली आणि उघडपणे जाहीर केलं, जगभरातल्या डेव्हलपर्सना त्या दिवशी होस्ट की बदलल्याचा इशारा आला. उलट उबरच्या प्रकरणात गोष्ट दाबली गेली, वर्षभराने बाहेर आली, आणि तेव्हाच्या सुरक्षाप्रमुखांना २०२२ मधे अमेरिकेच्या कोर्टाने ते लपवल्याबद्दल दोषी ठरवलं. आपल्याकडेही सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे डेटा लीक किंवा अनधिकृत प्रवेश लक्षात आल्यापासून ६ तासात कळवायचं असतं. ज्युनियर पोराने घाबरून दोन दिवस गप्प बसायचं ठरवलं तर ते ६ तास कधी गेले ते कंपनीला कळणार पण नाही.

झालं का ते तपासायचं कसं

नव्या रिकाम्या फोल्डरमधे ताजा क्लोन करा, जुन्या क्लोनमधे तपासू नका. गिट लॉग --ऑल आणि सोबत कॅपिटल एस देऊन कीची पहिली सात-आठ अक्षरं शोधा, अख्खी की टर्मिनलमधे टाइप करू नका, नाहीतर ती शेलच्या हिस्टरीत जाऊन बसते. काहीच यायला नको. मग जुन्या कीने प्रत्यक्ष एक कॉल करून बघा, सर्व्हरने ४०१ किंवा ४०३ दिलं पाहिजे, आणि २०० आलं तर बाकी काही करू नका, आधी पुन्हा की बदला. जुन्या डेटाबेस पासवर्डने लॉगिन करून बघा. डॉकर रजिस्ट्रीतल्या जुन्या इमेजेस आणि सीआयचे जुने लॉग्ज पण नजरेखालून घाला.

हीच तपासणी महिन्याभराने कॅलेंडरमधे लावून ठेवा, सुट्टीवरून परतलेल्या माणसाचा पहिला पुश होऊन गेल्यावर. आणि मदत मागताना एररचा स्क्रीनशॉट टाकणार असाल तर आधी झाकून घ्या, पण नुसतं धूसर करून नको, वर काळा चौकोन टाका किंवा मजकूरच कॉपी करून कीच्या जागी फुल्या मारा. कुठल्या पायरीवर अडलंय, गिट एलएस-फाइल्स काय दाखवतंय आणि चेक-इग्नोर काय म्हणतंय एवढं लिहिलंत तरी कारण पटकन सापडतं.